माळावरचा लिंब

आबा, आपल्या माळावर आता पवनचक्क्या फिरतात. तुम्ही असता तर पटका सावरत वर बघत राहिला असता आणि म्हणाला असता, "आरं, लई दांडगं बेनं हाय हे!" सुट्टीदिवशी मी धाकट्या भावाच्या मेंढरांमागं जातो. दुपारी मेंढरं त्या खांबाच्या सावलीत एकामागं एक उभी राहतात. सावली सरकते, तशी तीही सरकतात. बघता बघता माझा डोळा लागतो. झोपेत तुम्ही पुढं चालताय, खांद्यावर घोंगडं, हातात कडुलिंबाच्या रोपासाठी पाण्याची कळशी. त्या लिंबाची डहाळी मी मोडली होती, तेव्हा केवढं बोलला होता! "सावली मोडतोस व्हय रं? मग उन्हात काय तुझा बाप उभा राहणार?" बाप तर तुम्हीच, म्हणून मी फिसकन हसलो, आणि पाठीत धपाटा बसला.

मायची छाती चुलीच्या धुरानं गेली, असं डॉक्टर म्हणाले. घरात गॅस आला, पण उशिरा. आता कळंबहून आणलेल्या मशीनवर ती श्वास घेते, नाकात नळी. लाईट गेली की तिचे डोळे दाराकडं आणि माझे तिच्याकडं. गंमत बघा, वारा आपला, पण त्याची वीज आपल्या डोक्यावरून लांब शहरात जाते. रस्त्यांसाठी माळाखाली खडीचं क्रशर आलं. पोरांना कामं लागली, घरं पक्की झाली, आणि त्याचीच धूळ मायच्या उशीवर बसते. शिव्या तरी कुणाला घालू? माझा पगारही तिथलाच.

पवनचक्कीवाल्यांना रस्ता रुंद करायचा होता, आणि आडवा आला तुमचा लिंब. मी म्हणालो, आमच्या वस्तीला विजेची वेगळी डीपी बसवा, मग लिंब न्या. त्यांनी बसवली. लिंब पडला तेव्हा मी मुद्दाम तिथं उभा राहिलो. रडू आलं आबा, लई रडू आलं. घरी आलो तर मशीन घुमत होतं, आणि माय शांत झोपली होती.

काल संध्याकाळी खिडकीतून वारं आलं. मायनं नळी बाजूला केली, डोळे मिटून हुंगलं.

"माळावरचा लिंब मोहरला वाटतं. तुझ्या आबाच्या घोंगड्याला असाच वास यायचा."

"व्हय माय, लई मोहरलाय."

मी नळी परत नीट बसवली. हे पत्र कुठं धाडणार, उशाखाली सारून ठेवतो. पण एक सांगून टाकतो, आबा. मायला ते खोटं सांगताना मलाही तो वास आला.