हॅलिबटचे गाल

मासा परत पाठवतात? कोणी शिकवलं तुला? या बेटावर लोक एकमेकांचे नांगर चोरतात, एकमेकींचे नवरे पळवतात, पण दारात आलेला मासा आजवर कोणी परत केलेला नाही. मंगळवारी टपालाचं विमान पाण्यावर उतरलं आणि पोत्यांच्या मागून पेटी आली. पाठवणारी म्हणून माझं नाव, खाली तुझा पत्ता आणि त्यावर आडवं, तुझ्याच अक्षरात, 'नको आहे'. दोरीची गाठसुद्धा सोडली नव्हतीस. टपालवाली आयडा चारचौघांत विचारते, "हॅरिएट, पोरीचा पत्ता बदलला का गं?" मी म्हटलं, "पत्ता तोच आहे, डोकं बदललंय." आणि ती पेटी कंबरेवर घेऊन, सगळ्यांच्या खिडक्यांवरून, चिखल तुडवत घरी आले.

प्रिय रोवीना, आता म्हणते प्रिय. आधी म्हटलं असतं तर खोटं झालं असतं.

माझ्या अक्षराला हसू नकोस. शाळेत मी फार टिकले नाही. आपली बोली बोलले की शिक्षा म्हणून तोंडात साबण कोंबायचे, तिथं अक्षरांपेक्षा साबणच जास्त चाखला. फोन करणार होते, पण फोनवर तू "नंतर बोलू आजी" म्हणतेस आणि सुटतेस. कागदापुढे तुझी ती युक्ती चालायची नाही.

इकडे आग्नेयेचा वारा सुरू झालाय. छताचा एक पत्रा रात्रंदिवस थाळीसारखा वाजतो. मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांचा लॉज बंद झाला, शेवटचे पाहुणे रेनकोट विसरून गेले. कोहो सॅमन यंदा उशिरा आले आणि अजून ओढ्याच्या तोंडाशी घुटमळतायत, अंगानं तांबडे, नाकं आकड्यासारखी वाकलेली. त्यांना पाहिलं की मला बोटीवरचा तो पाहुणा, हॅगर्टी, आठवतो. त्याचंही नाक वाऱ्यानं असंच तांबडं झालं होतं.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू बापाची बोट धक्क्याला लागायच्या आत उडी मारलीस, पाठीला पिशवी लावलीस आणि थेट फेरीबोटीवर चढलीस. मी बरण्या धुवून उन्हात, म्हणजे आपल्याकडे जे काही ऊन असतं त्यात, पालथ्या घालत होते. मला वाटलं, दुकानात जातेय. बोटीवर काय झालं ते सगळं मला हॅगर्टीच्या तोंडून कळलं. धक्क्यावर उभा राहून तो ओरडत होता, "आठवडाभर ओकलो मी या बोटीवर! एका माशासाठी! आणि त्या पोरीनं चाकूनं गळाची दोरीच कापली!"

खरं सांगते, ऐकून मला हसू आलं होतं. एवढा मोठा हॅलिबट म्हणजे अंडी घालणारी मादीच, आणि आपल्या घरात अशा आईला बोटीत घेत नाहीत. तुझ्या आजोबांनी कधी घेतली नाही, तुझ्या बापाला, वेंडललाही, घेऊ दिली नाही. तुझ्या हातात भाला देऊन "मार" म्हणणारा तुझा बाप हे सगळं विसरला नव्हता, रोवीना. त्याला मागं रांगेत उभे असलेले पाहुणे दिसत होते. मोसम सरत आलेला. जाताना एक जण तोंड वाकडं करून गेला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याचे दहा मित्र दुसऱ्याच्या बोटीवर चढतात. कायदाही म्हणतो, एवढा मोठा मासा न्यायला हरकत नाही. कायद्याला आई नसते.

पण पाहुण्यांसमोर तो तुला जे बोलला ते बोलायला नको होतं. "माशांचीच बाजू घ्यायची असेल तर उतर आणि राहा त्यांच्यात." हे कोणी पोटच्या पोरीला म्हणतं? आणि तूही काय कमी? "तुमच्या या बोटीवरचा मासा पुन्हा तोंडात घालणार नाही, बाबा." दोघांनी एकमेकांना नेमकं तिथंच मारलं जिथं हाड नसतं.

हॅलिबटचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे चारचौघांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता एक डोळा सरकतो आणि दुसऱ्याशेजारी जाऊन बसतो. मग जन्मभर त्याला वरचंच दिसतं, खाली चिखलात काय आहे ते दिसत नाही. तुम्हा बापलेकींचं हेच झालंय. लहानपणी दोघांनाही दोन्हीकडचं दिसत होतं.

तू गेल्यावर वेंडल म्हणाला, "येईल आठ दिवसांनी." नंतर म्हणाला, "बर्फ पडायच्या आत येईल." मग म्हणेनासा झाला. मी त्याला टोचलं, "तिच्या आईचं कूळ गरुडाचं, म्हणून तिचंही, बाबा. गरुड उडून जातो. आपण डोमकावळे, मागं राहून कटकट करायला." एरवी यावर तो हसतो. या वेळी बुटांची नाडी बांधत बसला, आणि बुटांना नाडी नव्हती, रबरी होते ते. तू सिएटलला सुपरमार्केटमध्ये बर्फावर मांडलेले मासे विकतेस, हे आयडाच्या भाचीनं सांगितलं. आमचे खायचे नाहीत, परक्यांचे विकायचे. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला आधीच माहीत होतं.

मग ऑक्टोबरात त्याला खूळ लागलं. मोठी बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन ठणठणीत, आणि हा तुझ्या आजोबांची जुनी वल्ह्यांची होडी शेडमधून ओढून काढतो. फटी डांबरानं बुजवल्या आणि निघाला त्या वाऱ्यात. मी किनाऱ्यावरून ओरडले, "अरे मेल्या, इंजिन काय शोभेला ठेवलंयस?" त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी आला तेव्हा हाताचे तळवे सोललेले, ओठ निळे, आणि होडीत दोन लहानसे हॅलिबट, ताटात मावतील एवढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा लाटेनं त्याला खडकापाशी ढकललं आणि वल्हं मोडून आला. मी म्हटलं, "एवढासा मासा आणायला जीव घालवशील." तर म्हणे, "मोठा नकोच आहे."

त्यानंतर महाशय माझ्या मासे धुरवायच्या खोपटीत शिरले. जन्मात कधी धुरासाठी आल्डरचं लाकूड निवडलं नाही त्यानं. पहिली खेप पार कोळसा. मी विचारलं, "मासा धुरवतोयस की अंत्यसंस्कार करतोयस?" तर म्हणाला, "एका गिऱ्हाइकाला पाठवायचाय." पण माझे डोळे अजून दोन बाजूंना आहेत. ओढ्याच्या तोंडाशी धरून धुरवलेल्या कोहोच्या पट्ट्यांच्या मागं त्यानं एक लहान बरणी लपवली होती, हॅलिबटच्या गालांची. दोन गाल, दोन गाल असे किती दिवस साठवले असतील. गिऱ्हाइकाला कोणी गाल देत नाही, तो सगळ्यात गोड घास घरातच राहतो. तुझी आई गेली तेव्हा तू अन्नाला शिवत नव्हतीस, आठवतं? लोण्यात तळलेले गाल फुंकर घालून घालून बोटांनी तुला कोणी भरवले होते? मी नाही. माझ्याकडे एवढी सबुरी कधीच नव्हती.

आता नीट वाच. ती पेटी मी पाठवली नव्हती. आयडानं माझं नाव घेतलं तेव्हाच मला कळलं. त्याचं नाव वाचून तू उघडणार नाहीस म्हणून त्यानं न विचारता माझं लिहिलं. आतला एकही मासा त्या बोटीवरचा नाही. तू शपथ घेतलीस, आणि ती मोडायची वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून तो माणूस वल्ह्यांनी गेला. त्याला तोंडानं 'चुकलो' म्हणता येत नाही, त्याच्या बापालाही येत नव्हतं. मंगळवारी पेटी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. तो आला, वरचं अक्षर वाचलं. दोरी कापली नाही, स्वतःच बांधलेली गाठ नखांनी सोडत बसला. बरण्या फळीवर एका ओळीत लावल्या. बुधवारी लॉजच्या मालकाला म्हणाला, "बोट बघायला ये. माझ्यामागं चालवणारं कोणी नाही." येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी तो मालक बोटीच्या विक्रीचे कागद घेऊन येतोय. मी वेंडलला अडवणार नाही, तो माझा मुलगा आहे, सहा वर्षांचा नाही. गालांची बरणी मी परत बांधली आहे आणि या पत्राबरोबर पाठवतेय, या वेळी खरंच मी. खा किंवा फेक, पण परत पाठवू नकोस, आयडासमोर मी पुन्हा ते ओझं उचलणार नाही. आणि उत्तर मला लिहायचं नाही. माझ्या नावानं पत्र आलं तर न उघडता चुलीत घालीन. लिहायचं ते वेंडलला, तुझ्या हातानं, आणि त्या विक्रीच्या शनिवारच्या आत.

तुझीच, आणि तुझ्या बापाचीही, त्याला इलाज नाही,
आजी