भुऱ्या आणि फाटकाची कडी

अंजनगाव सुर्जी
रविवार, दुपार

प्रिय लुबना बेटा,

सलाम आणि खूप खूप दुवा.

आपलं कुत्र्याचं पिल्लू, भुऱ्या, गेलं त्या दिवशी पहाटे मी फजरच्या नमाजला उठलो, वजू केला आणि ओसरीत आलो, तर ते पिल्लू माझ्या नमाजाच्या चटईवर, जानमाजवर झोपलं होतं, नाक कापडात खुपसून; लाळेनं ती नापाक झालेली. तू तेव्हा नऊ वर्षांची, आत अम्मीजवळ झोपलेली. त्या सकाळबद्दल अठरा वर्षं तुला जे माहीत आहे ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं माझ्यापाशी आहे. ते फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं. पण व्हिडिओ लागला की तू आधी तुझ्या त्या काळ्या कुत्र्याचं तोंड समोर धरतेस, 'अब्बाला सलाम कर' म्हणतेस, आणि माझं बोलणं तिथंच राहतं. म्हणून लिहायला बसलो. उर्दू मी वाचतो, पण मनातलं लिहायचं म्हटलं की हात मराठीकडेच वळतो. पंजाबराव गुरुजींनी गावच्या शाळेत पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर अजून तसंच आहे.

घरी सगळं ठीक. अम्मीचे गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही. गल्लीत येईल त्याला सांगते, 'आमचे हे कुत्र्यासंगं चार मुलुख फिरून आले, मले मात्र अकोल्याच्या पुढं कधी नेलं नाही.' दुकानात काम बरं आहे. सध्या एका शाळेचं मोठं फाटक करतो आहे. वेल्डिंग करताना काळ्या काचेतून बघायची सवय, त्यामुळे तुझ्याकडचं ते रात्री नऊपर्यंतचं ऊन माझ्या डोळ्यांत अजून भरलेलं आहे. मगरिबच्या नमाजसाठी सूर्य बुडायची वाट बघत त्याच्याकडे इतका वेळ मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

जूनमधला आपला तो प्रवास रोज थोडा थोडा आठवतो. तुझ्या म्युनिकहून गाडीने निघताना तू कागदांची फाइल दाखवलीस. माझ्या व्हिसासाठी मुंबईचे दोन हेलपाटे झाले होते, आणि तुझ्या कुत्र्याचा स्वतःचा निळा पासपोर्ट, माझ्या पासपोर्टपेक्षा जुना. त्यावर नाव, भुऱ्या. कुत्रा कोळशासारखा काळा आणि नाव भुऱ्या. मी हसलो, तूही हसलीस. पण फाइल मी लगेच मिटून तुझ्याकडे परत दिली. ऑस्ट्रियाच्या डोंगरात पेट्रोलला थांबलो तेव्हा त्याने मागच्या सीटवरून मान काढून माझ्या गुडघ्याला लाळ लावली. तू लगेच खाली उतरलीस. डिकीतून पाण्याची बाटली आणि धुतलेला पायजमा काढून माझ्या हातात दिलास. असे चार पायजमे तू आधीच आणून ठेवले होतेस.

स्लोव्हेनियातल्या त्या तळ्याकाठी मी गवतावर जानमाज अंथरली, तेव्हा मन थोडं धास्तावलं होतं. भुऱ्याचा पट्टा तुझ्या हातात अगदी सैल होता. पण नमाज संपवून मी सलाम फेरला तेव्हा तो दहा हातांवर होता तिथंच बसलेला, कान टवकारून. मग तू सांगितलंस, मी येणार हे ठरल्यापासून तीन महिने तू रोज खोलीत चादर अंथरायचीस आणि त्याला शिकवायचीस की अंथरलेल्या कापडावर पाय ठेवायचा नाही. मी विचारलं, कुत्र्याला हे समजतं? तू म्हणालीस, 'समजतं अब्बा, फक्त बिस्किटं लागतात.' मी जानमाजची घडी घालत राहिलो. एक घडी घालायला इतका वेळ मला कधी लागला नव्हता.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. गाडी थांबली की तू पट्ट्याचा हूक तीनदा ओढून बघायचीस. दार लावून दहा पावलं जायचीस, परत यायचीस, पुन्हा दार ओढायचीस. क्रोएशियात समुद्र दिसला त्या थांब्यावर मी शेवटी म्हटलं, 'मी लोखंडातला माणूस आहे, हूक मजबूत आहे, कावून सारखं पाहून राहिली?' तू सहज म्हणालीस, 'सवय आहे अब्बा. एकदा फाटक उघडं ठेवलं होतं ना मी.' आणि चहा आणायला गेलीस. तो कागदी पेल्यातला चहा गार होईपर्यंत मी समुद्राकडे बघत बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तर ऐक. त्या सकाळी मी पिल्लाला हत्यारांच्या पिशवीत घातलं आणि परतवाड्याची पहिली बस धरली. लहानपणी मौलवीसाहेबांनी एक गोष्ट सांगितली होती, तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पाणी काढणाऱ्या माणसाची. त्याचे सगळे गुन्हे माफ झाले. ती गोष्ट त्या सकाळी मला आठवली नाही असं नाही. आठवली, आणि मी तिकीट काढलं. वाटभर पिल्लू ओरडलं नाही. पिशवीच्या तोंडाशी माझं बोट चाटत राहिलं. बाजाराच्या मागे त्याला ठेवलं, अर्धी पोळी टाकली आणि परतीच्या बसमध्ये बसलो. लोखंड आणायला गेलो होतो असं घरी सांगायचं ठरवलं होतं, पण कोणी विचारलंच नाही. तू फाटकापाशी रडत उभी होतीस. मला बघताच म्हणालीस, 'काल मीच सगळ्यांच्या मागून आत आले. फाटक मीच उघडं ठेवलं असेल.' मला एकच वाक्य बोलायचं होतं, की पिल्लू मीच सोडून आलो. मी म्हटलं, 'असंल.' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण संध्याकाळी दुकानातून जाड कडी बनवून आणली आणि तुझ्यासमोर फाटकाला जोडली, म्हणजे पिल्लू फाटकातूनच गेलं असं सगळ्यांना वाटावं. जानमाज मी त्याच दिवशी धुऊन उन्हात टाकली होती. ती पाक झाली.

तुझ्याकडून परत आल्यावर आधी अम्मीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, 'मले तवाच मालूम होतं. पिशवीले केस होते. पोरीले सांगा, मले काय सांगता.' मग एका गुरुवारी मी परतवाड्याला गेलो. बाजाराच्या मागे आशाबाई नावाची एक म्हातारी वर्षानुवर्षं मिरची विकते. तिला विचारलं, अठरा वर्षांपूर्वी इथं एक भुरं पिल्लू होतं का. ती आधी हसली. म्हणाली, 'भाऊ, इथं सारेच भुरे हायेत. अठरा सालानं कुत्रं शोधाले आले? मंग तवा कावून सोडलं?' मी तिच्या पोत्याशेजारी खाली बसलो. तिने बाजूच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा मागवला आणि तिच्या पोत्यामागे झोपलेली दोन कुत्री दाखवली. त्यांना ती रोज भाकर घालते. म्हणाली, 'इथं आलेलं उपाशी नाही मरत.' तेवढंच घेऊन परत आलो. ते आपलंच पिल्लू जगलं असेल असं मी तुला सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून फाटकाबाहेर मातीच्या कुंड्यात पाणी भरून ठेवतो. गल्लीतली एक लंगडी कुत्री येते, पिते, आणि हल्ली तिथंच सावलीला बसते. अम्मी तिला शिव्या देते आणि शिळी भाकरही देते.

आजच हे लिहायचं कारण असं की तू डिसेंबरात येते आहेस. येशील ती त्याच फाटकातून, आणि दरवेळेसारखी आत आल्यावर वळून ती कडी हलवून बघशील. दर खेपेला मी ते ओसरीतून बघतो. अल्लाहपाशी मी पुष्कळदा माफी मागितली, पण माणसाचं देणं माणसापाशीच फेडावं लागतं, हेही मला शिकवलेलं आहे. ती माफी तुझ्याकडची आहे. घाई नाही, तुला वाटेल तेव्हा दे. आज फजरनंतर दुकानातून कटर आणला आणि कडी कापून काढली. जिथं होती तिथं लोखंड अजून चमकतं आहे, रंग मी मुद्दामच लावला नाही. हे पाकीट आता स्वतः जाऊन टपालपेटीत टाकतो. तू भुऱ्याचा पट्टा एकदाच ओढून बघत जा, बेटा. त्या पहाटे पिशवी घेऊन मी बाहेर पडलो, तेव्हा फाटक बंद होतं. तू ते नीट लावलं होतंस.

तुझाच,
अब्बा