रिलेचा पाचवा

३ मार्च
क्लबच्या फळ्यावर जलतरण अजिंक्यपद स्पर्धेची रिले टीम लागली. चौघांची नावे, आणि खाली 'राखिव' म्हणून मी. वेलांटी ऱ्हस्व होती. पेनने दीर्घ केली.
राखीव म्हटले की लोक उगाच नाक मुरडतात. वास्तविक चांगलीच वस्तू राखून ठेवतात. आई नवे कप पाहुण्यांसाठी ठेवते आणि आम्हाला कान तुटलेल्या कपात चहा देते.
म्हणजे आता आमचा एलिट ग्रुप असा: इंजिन, ज्याच्या नावावर तीन विक्रम आहेत; जुळे भाऊ, ज्यांना सरसुद्धा एकाच नावाने हाक मारतात; लंबू, ज्याचे हात आधी पोहोचतात आणि तो मागून येतो; आणि मी.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला पूलवर.

४ मार्च
गजर वाजला होता असे आई म्हणते. मला तसा पुरावा मिळालेला नाही.

७ मार्च
आज गेलो. पाणी गार. माझ्याच लेनमध्ये बेडूक होता. शाळेपासूनचा मित्र, टायरच्या दुकानात कामाला. पोहताना पाय फाकवतो म्हणून बेडूक. त्याला क्लबात मीच आणले. रोज येतो बिचारा. चिकाटी आहे, प्रतिभा नाही.
सगळा वेळ मागून माझ्या तळपायाला बोट लावत होता. सर काठावरून ओरडले की मागच्याचा हात लागला की भिंतीशी थांबायचे आणि त्याला पुढे सोडायचे. हा नियम हळू पोहणाऱ्यांसाठी आहे. म्हणून मी थांबलो नाही. बेडकामागे आणखी तिघे तुंबले. त्यांच्यापैकी कोणीतरी विचारले की ही लेन आहे की रेशनची रांग. मी लक्ष दिले नाही.

१२ मार्च
सरांनी 'टेपरिंग' समजावून सांगितले. स्पर्धा जवळ आली की सराव कमी करत जायचा, म्हणजे अंगात ताकद साठते. इतके शास्त्रशुद्ध काही मी आयुष्यात ऐकले नव्हते. सर म्हणाले की फक्त शेवटचा आठवडा. इंजिनला आठवडा पुरत असेल. माझा बांधा लहान, साठायला वेळ लागणार.
आजपासून टेपरिंग सुरू.

१८ मार्च
टेपरिंग उत्तम चालले आहे. दुपारी दुकानातसुद्धा थोडे झाले. (भाऊजींचे चष्म्याचे दुकान आहे. मी भिंगे फ्रेममध्ये बसवतो.) भाऊजींनी भर गिऱ्हाइकांत विचारले की जावईबापू, उशी आणू का. स्वतः या घरचे जावई असून मला जावईबापू म्हणतात! ताई फिदीफिदी हसली. सख्खी बहीण असून.

२१ मार्च
इंजिनने चौथा विक्रम केला. फार जिद्दीने पोहलो आम्ही. मी गॅलरीत होतो, पण त्याचा टॉवेल माझ्याकडे होता. पाण्याबाहेर आल्यावर त्याने सर, पत्रकार, सगळ्यांना सोडून पहिला प्रश्न मलाच विचारला: टॉवेल ओला कसा.

२४ मार्च
लंबूचा खांदा दुखावला. फार वाईट वाटले. चहा होईपर्यंत सावरलो.
एक जागा रिकामी, आणि राखीव कोण? घरी सांगितले. आईने लगेच मामाला आणि दोन्ही मावश्यांना फोन केले. दुसऱ्या मावशीशी बोलताना तिचा आवाज जरा चढला होता. त्या मावशीचा मुलगा इंजिनिअर आहे. मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून आई तिला स्वतःहून फोन करत नसे.

२५ मार्च
मोठे पोहणारे स्पर्धेच्या आदल्या दिवशी हातापायांचे केस काढतात, पाणी अडत नाही. मी तयारीत मागे नको म्हणून आजच काढले. भाऊजी दाढीचे सामान आमच्याकडे विसरले होते. मोरी तुंबली. आई म्हणाली की हात-पाय गुळगुळीत झाले, डोके तर आधीपासूनच आहे. अंगाला भयंकर खाज. म्हणजे परिणाम होतो आहे.

२७ मार्च
सरांनी चाचणी ठेवली. रिकाम्या जागेसाठी मी आणि बेडूक. बेडूक! त्याचा अपमान होऊ नये म्हणून सरांना बाजूला घेऊन सांगितले की त्याला यात कशाला ओढता. सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कौतुकाने असावे.

२८ मार्च
विश्वासघात.
मी वळून परत निघालो तेव्हा बेडूक काठावर बसून पाणी पीत होता.
हा माणूस माझ्या पाठीमागे सराव करत होता. पाठीमागे म्हणजे माझ्याच लेनमध्ये, रोज पहाटे, सगळ्यांच्या देखत. मला एका शब्दाने बोलला नाही. विचारले तर म्हणतो की अरे, तुला उठवायला रोज दारात येत होतो, काकू म्हणायच्या झोपलाय. आईसुद्धा यात होती तर!
शिवाय आता पाय फाकवत नाही. तेही लपवले.
घरी सांगितले की टीममध्ये आहे. खोटे नाही. राखीव टीममध्येच असतो.

२ एप्रिल, स्पर्धेचे गाव, लॉज
दुपारी सरांनी बोलावले. उद्या सकाळी हीट, म्हणजे पात्रता फेरी, संध्याकाळी फायनल. सकाळीच इंजिनची दुसरी शर्यत आहे, म्हणून हीटमध्ये त्याच्या जागी मी पोहायचे.
मला सगळा डाव कळला. सकाळी घाम मी गाळायचा, संध्याकाळी फोटो इंजिनचा. मी शांतपणे सांगितले की माझे टेपरिंग फायनलच्या हिशेबाने झाले आहे, हीटमध्ये वाया घालवणार नाही. सर म्हणाले की बाबा रे, हात जोडतो. मी ठाम राहिलो. शेवटी लंबूने दुखऱ्या खांद्यानिशी मी पोहतो म्हटले. खुशाल पोह.
नंतर बेडूक खोलीवर आला. म्हणाला की सरांच्या मागे लागून तुझे नाव मीच घालायला लावले, मुकाट्याने पोह, त्यात तुझाच फायदा आहे. काय फायदा ते सांगू लागला. मी कानांत इअरप्लग घातले. तो बराच वेळ तोंड हलवत होता. मग माझ्या अंगावर चादर टाकून गेला.

३ एप्रिल
सकाळी लंबू रडकुंडीला येऊन पोहला. आम्ही कसेबसे आठवे, म्हणजे फायनलला जाणाऱ्यांत शेवटचे. मी असतो तर... पण असो.
संध्याकाळी पहिले आलो. जुळे, बेडूक, शेवटी इंजिन. मी ओरडलोसुद्धा, सवयीने.
मग पदके. माइकवरून चार नावे झाली आणि पाचवे लंबूचे. मी बाजूच्या अधिकाऱ्यांना चूक दाखवली. ते म्हणाले की चूक कसली, हीटमध्ये जो पोहतो त्यालाही फायनलचे पदक मिळते, तुम्ही पोहणारे ना, एवढेही माहीत नाही?
सगळ्यांना माहीत होते. सरांना, इंजिनला, लंबूला, बेडकाला. माझ्यापासून लपवून ठेवले. बेडूक म्हणतो की तोच तर फायदा सांगत होतो. मी त्याच्याशी कायमचे बोलणे बंद केले आहे.
आईचा फोन आला. मावशी शेजारीच बसली आहे म्हणाली, आणि आवाज हळू करून विचारले की मिळाले ना रे. मी म्हटले की पाच मिळाली. ती जोरात म्हणाली, पाच! मग रेंज गेली. म्हणजे मी बंद केला.
परतीच्या बसमध्ये बेडकाने खिडकीची जागा माझ्यासाठी धरली होती. दुसरी रिकामी नव्हती, म्हणून बसलो. समोर लंबूला खांद्यामुळे बॅग धरवेना, ती घरापर्यंत मी मांडीवर घेतली. पदक तिच्यातच होते. बॅग बरीच जड वाटली. ओले कपडे असतील.