दोन्हीकडून टाळ्या

१४ एप्रिल
आमदारकीला सोळा वर्षं झाली. यंदा पहिल्यांदाच पक्षातलाच माणूस माझ्याविरुद्ध उभा आहे. रँडल कूपर, ट्रॅक्टर विकतो. पक्षाचा उमेदवार कोण, यासाठी १६ मे रोजी पक्षांतर्गत मतदान, त्यात त्याला पाडलं की झालं. किरकोळ काम.
बायको, ल्युएला, बहिणीकडे जाऊन तीन आठवडे झाले. जाताना म्हणाली, तुझं माझ्याबद्दल तरी एक ठाम मत आहे का? विचार करून सांगतो म्हटलं. मतदानाला येईल. यायलाच हवी.

१९ एप्रिल
गावच्या अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये चिकन-कॉर्न सूप आणि सभा. बंदुकाही हव्यात, कायदाही हवा म्हणालो. टाळ्या दोन्हीकडून, पण बेताच्या. मग ओघात बोलून गेलो, ‘पक्षाच्या दावणीला कशाला बांधून घेता? मोकळे व्हा.’ अख्खा हॉल उभा राहिला. सोळा वर्षांत असं झालं नव्हतं. आता सगळीकडे हेच भाषण.
संकल्प: रोज एक ठाम मत.

२३ एप्रिल
रेडिओवर गेलो. ‘मोकळे व्हा’ मस्त जमलं. शाळेच्या कराबद्दल विचारलं. कर वाढवावा, पण तो वाढू नये, असं ठामपणे सांगितलं.

१ मे
क्लेटस शेजारी, तोच माझा प्रचारप्रमुख आणि एकुलता एक कार्यकर्ता. सांगत होता, लोक धडाधड पक्ष सोडताहेत, कचेरीत पक्ष सोडायचे फॉर्म संपले. म्हणजे लाटच की ही! क्लेटसचा चेहरा मात्र पडलेला. पित्त असेल.
डब्यातलं सूप उभ्यानंच प्यायलो. घर खायला उठतं.

१६ मे, सकाळी ७
फायर हॉलच्या दारात उभा आहे, मतदान इथंच. रांगेत सगळी आपली माणसं. आत जातात, लगेच बाहेर येतात, माझा हात दाबतात आणि नजर टाळतात. गहिवरले असावेत.

दुपारी २
मतदार यादीवर बसलेल्या झूकबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, पक्षात नाव असेल त्यालाच आज मत देता येतं, तुझी माणसं तर पक्ष सोडून आलीत. सोळा वर्षं आमदार आहेस, एवढं माहीत नव्हतं?
माहीत होतं. भाषणाच्या भरात राहून गेलं.

१७ मे, सकाळी १०
सपाटून पडलो. नैतिक विजय माझाच.
ल्युएलाचा फोन आला. काल मतदानाला हॉलच्या मागच्या दारानं येऊन गेली म्हणे. तिलाही परत पाठवलं. रेडिओवर माझं ऐकून दुसऱ्याच दिवशी पक्ष सोडायचा फॉर्म भरला होता तिनं. मग म्हणाली, ‘वर्नन, मी घरी येऊ का?’
मी म्हटलं, येण्याचे फायदे आहेत, तिथं राहण्याचेही आहेत. निर्णय तुझा.
‘बरं,’ म्हणाली. फोन ठेवला.
उत्तर समतोल होतं. कुणाला नावं ठेवता येणार नाहीत.

११.४०
ये म्हणायला हवं होतं. गाढव आहे मी. पुन्हा फोन लावला. बहिणीनं उचलला. ल्युएला बागेत आहे म्हणाली, काही निरोप द्यायचाय का?
विशेष काही नाही म्हटलं.