सात नंबरपुढची खूण

शुक्रवार, १२ जुलै

प्रिय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

तब्येत कशी आहे? गुडघा कुरकुरतोय की गप्प बसलाय? इकडे सगळं ठीक. प्रयोगशाळेतली तुमची डुगडुगणारी खुर्ची एकदाची दुरुस्त झाली. माझ्या कोटाला तुम्ही लावून दिलेलं बटण अजून जागेवर आहे. बाकीची दोन तुटून पडली.

हे खुर्चीपुराण लावलंय, कारण मुद्द्यावर यायचा धीर होत नाहीये.

प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही सहज म्हणालात, "अगं घाईबाई, मी घरी रोज तासभर सुईदोरा घेऊन बटणं लावत होते हं. हात मोकळा व्हावा म्हणून. चालतं ना?"

चालत नव्हतं. डोक्याला सौम्य वीज देणाऱ्या आमच्या यंत्राने लकवा मारलेला हात सुधारतो का, एवढंच बघायचं होतं. म्हणून तर नेमून दिल्यापेक्षा जास्त व्यायाम करायचा नाही, असा नियम होता. आणि मी काय म्हणाले? "असू दे काकू, कुणाला सांगू नका."

त्यात माणसं अवघी अकरा. संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाच्या नंबरापुढे एक चौकोन असतो. त्यातली खूण काढली की तो माणूस आकडेमोडीतून बाहेर. तुम्ही सात नंबर. तुमची खूण ठेवली, तर यंत्राचा काही उपयोग नसतानाही एवढी सुधारणा दिसण्याची शक्यता शंभरात तीन. पाचाच्या आत आलं की यंत्राने गुण येतो असं मानतात, म्हणजे आमच्याकडे आनंदच आनंद! काढली, तर शंभरात एकोणीस. मग छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही. दिवसभर तेवढंच करत बसले मी. खूण काढायची, पुन्हा लावायची. शेवटी ठेवली, आणि संशोधनाचा लेख छापायला पाठवून दिला.

मग तुमची चिठ्ठी आली, त्याच उजव्या हाताने लिहिलेली. "माझा हात सुईने सुधारला गं. यंत्राच्या नावावर खपवू नकोस. कुणीतरी सुई खाली ठेवेल."

खरं सांगते, आधी रागच आला. या बाई आता मला शिकवणार! दोन दिवसांनी चार नंबरच्या काकांना सहज फोन केला. ते खुशीत म्हणाले, "आता यंत्र आहे म्हटल्यावर व्यायाम कशाला? सोडला मी." यंत्राने गुण येतो हे तुमच्यासारखंच त्यांनाही मीच हौसेने सांगितलं होतं.

त्याच दुपारी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खूण काढ. आणि का काढली, तेही लिही." लेख मागे घेतला. पदवी वर्षभर लांबली. आई म्हणते, "बरं झालं, निदान जेवायला तरी घरी येशील." चार नंबरचे काका मला शिव्या घालत पुन्हा रबरी चेंडू दाबायला लागलेत. यंत्र कुचकामी आहे असंही नाही हं काकू. आम्हाला अजून ठाऊक नाही, एवढंच. पुढच्या वेळी चाळीस माणसं घेणार आहोत, आणि घरी काय काय करता, हे पहिल्याच दिवशी विचारणार आहोत.

तुमचे उपकार कसे मानू, कळत नाही. ती चिठ्ठी तुम्ही सरळ मॅडमना पाठवू शकला असतात. मी तोंडघशी पडले असते, आणि ते योग्यच झालं असतं. पण तुम्ही ती मला पाठवलीत. खरं बोलायची पाळी माझ्यासाठी राखून ठेवलीत.

उत्तर नक्की पाठवा, आणि उजव्याच हाताने लिहा. अक्षर कितीही वाकडं आलं तरी या वेळी मी सावकाश वाचेन.

तुम्ही वेळेवर थांबवलेली,
घाईबाई