एडिनबराला मी नव्हते

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

पोचलो एकदाचे. आठ वर्षांच्या संसारातलं हे सहावं घर, पण परदेशातलं पहिलंच, म्हणून ही नवी वही. यतीनला इथल्या ब्रिटिश आर्मी कॉलेजातला अकरा महिन्यांचा कोर्स मिळाला. दर वर्षी भारतातून एकाच ऑफिसरला मिळतो, आणि फॅमिली न्यायला परवानगी असते. पठाणकोटच्या लेडीज क्लबात ही बातमी मी तीनदा सांगितली. खरं तर चारदा.

क्वार्टर नंबर चौदा. लाल विटांचं घर, वर तीन खोल्या, मागे हिरवळ आणि सफरचंदाचं झाड. कॅम्पच्या कुंपणाबाहेर अशी चाळीसेक घरं आहेत, सगळी फौजी कुटुंबांची. या वस्तीला इथे ‘पॅच’ म्हणतात. घर ताब्यात देताना एक बाई सामानाचा कागद घेऊन आमच्याबरोबर खोली-खोली फिरली. सहा सुरे, सहा काटे, चार गाद्या, गाद्यांवर डाग नाहीत. ‘डाग नाहीत’च्या खाली यतीनने सही केली. आपल्याकडे फौजी घरांची देखभाल करणाऱ्या एमईएसचा माणूस हेच करतो, फक्त त्याला चहा लागतो. हिने नको म्हटलं.

तनू साडेसहा वर्षांची. तिने खाली पडलेली सफरचंदं फ्रॉकच्या ओच्यात भरून आणली आणि एकेक धुऊन खिडकीत मांडून ठेवली. यतीन नकाशा पसरून जमिनीवर बसला होता. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत एक नवं गाव, असं ठरलं. फार वर्षांनी आम्हा तिघांचं असं काहीतरी होणार आहे. आज मला फार छान वाटतंय.

८ सप्टेंबर, रविवार

पॅचवरच्या बायका आठवड्यातून एकदा कॉफीला जमतात. शेजारची हेलन मला घेऊन गेली. तिचा नवरा मेजर आहे, सध्या सायप्रसला. मोकळी, हसरी बाई. मी कांदाभजी करून नेली होती, भराभर संपली. मग एकीने विचारलं, आसावरीसारखी पातळ नाही का येत तुला?

आसावरी म्हणजे आमच्या आधी चौदा नंबरात राहून गेलेल्या मेजर गंधारची बायको. योगायोगाने तीही मराठी. तिने म्हणे पॅचवरच्या सगळ्यांना साड्या नेसवल्या, हेलनच्या मुलीला रांगोळी शिकवली, शाळेच्या जत्रेत सामोशांचा स्टॉल लावला. आसावरी कशी गायची, आसावरीचे केस किती लांब होते. तासाभरात तिचं नाव अकरा वेळा निघालं. माझं दोनदा, त्यातही एकदा चुकीचं.

मी हसत होते. दात दिसतील इतकी हसत होते.

२१ सप्टेंबर, शनिवार

स्वयंपाकघरातलं वरचं कपाट पुसताना दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद सापडला. मराठीत. वर ‘आम्ही तिघं : आसावरी, गंधार, ईरा’ आणि खाली गावं. एडिनबरा, मँचेस्टर, वेल्सचा समुद्र, अशी नऊ. प्रत्येकापुढे बरोबरची खूण करायला चौकोन, आणि एकाही चौकोनात खूण नाही. अक्षर मोत्यासारखं. अक्षरसुद्धा.

मी पेन घेतलं, ‘आसावरी’वर काट मारली आणि वर ‘देविका’ लिहिलं. मग गंधारवर यतीन, ईरावर तनू. तुला नाही ना जमलं, मी करून दाखवते. यतीन ते बघून हसला, म्हणाला तुझं काही खरं नाही. मला त्यात गंमत वाटत नव्हती, पण तसं सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

मला वाटत होतं ती पुण्याला वगैरे असेल. दिसते कशी ते बघायचं होतं, म्हणून हेलनकडे तिचा फोन नंबर मागितला. हेलन खुर्चीत बसली आणि माझा हात धरला. मला कुणी सांगितलं नाही याचंच तिला नवल वाटलं.

आसावरी याच घरात गेली, गेल्या फेब्रुवारीत. दोनदा मोडलेला एडिनबराचा बेत शेवटी ठरला, आणि निघायच्या दिवशी तिला ताप. तुम्ही दोघं जा, असं तिनेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी बापलेक परतले तेव्हा ती जिन्याच्या तळाशी पडलेली होती. हृदय बंद पडलं, म्हणाले डॉक्टर. अंगात कोट, पायात बूट, शेजारी भरलेली बॅग. बरं वाटताच मागोमाग निघाली असावी.

हेलनने फोनवर तिचा फोटो दाखवला. गोल चेहरा, हनुवटीला खळी, कुणालाही आवडेल असं हसू.

मला वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. पण त्याच्या खाली आणखी एक वाटलं, ते फक्त इथे लिहिते. सुटल्यासारखं. आता ती याहून चांगली होऊ शकणार नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

काल रात्रीपासून अंगात ताप. आज सकाळी एडिनबराला निघायचं होतं. हॉटेल ठरलेलं, तनू पहाटेपासून बूट घालून बसलेली. तुम्ही दोघं जा, असं मीच सांगितलं. सांगून झाल्यावर ते वाक्य कुणाचं ते आठवलं. पण यतीन बॅग उचलून खाली गेलाच होता. गाडी गेल्याचा आवाज पांघरुणातून ऐकला.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

नीट क्रमाने लिहिते.

तीन दिवस मी याच खोलीत होते. गोळ्यांची दोन पाकिटं संपली. यतीनला चार फोन केले, त्याने एकही घेतला नाही, म्हणून मी मनातून चिडलेले. माझा राखाडी कोट सबंध वेळ दारामागे टांगलेला होता, पलंगावरून दिसत होता.

आज दुपारी ते आले. मी जिना उतरून गेले तर यतीनने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि विचारलं, इतक्यात कपडे बदललेस? मी म्हटलं, तीन दिवस हेच आहेत अंगावर. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. तनूने फोन आणून फोटो दाखवले. किल्ल्यासमोर, ट्राममध्ये, टेकडीवरच्या वाऱ्यात. प्रत्येक फोटोत तिघं. मधली बाई माझ्या राखाडी कोटात, चेहरा माझा. अशी मी हसत मात्र नाही. आणि हनुवटीला खळी आहे. मला खळी नाही.

यतीन म्हणाला, शनिवारी ते गाडीत बसले तेवढ्यात मी कोट घालून खाली आले, ताप उतरला म्हणाले आणि शेजारी बसले.

मी त्याला रिकामी पाकिटं दाखवली. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तपासलं. व्हायरलनंतर असा गोंधळ होतो म्हणे, विश्रांती घ्या. हेलनला विचारलं. तीन दिवस चौदा नंबरचे पडदे बंद होते आणि घरात कुणी नव्हतं, असं ती सांगते.

ते फोटो मी रोज पाहते. भीती वाटते म्हणून पाहते, असं सुरुवातीला स्वतःला सांगत होते. पण मी यतीनचा हात पाहते. सगळ्या फोटोंत त्याचा हात तिच्या कमरेवर आहे. माझ्या कमरेवर त्याने चारचौघांत हात कधी ठेवला होता?

काल जेवताना तो हळूच म्हणाला, “एडिनबराला होतीस ना, तशीच राहा की गं.”

माझ्या हातातलं ताट मी आपटलं. तनू दचकली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आता ती घरातही येते. मी दुकानातून परतते तर तनूच्या चार पेडांच्या वेण्या घातलेल्या. मला तीन पेडांचीच येते. डब्यात पातळ, कुरकुरीत भजी. यतीन ती खात उभा होता, म्हणाला आज जमलीत तुला.

तनूला एकटीला बसवून विचारलं. म्हणाली, “तू ओरडतेस. फिरायला येते ती आई नाही ओरडत.”

माझ्या मुलीला ठाऊक आहे की आम्ही दोघी आहोत. आणि तिने निवडही केलेली आहे.

कपाटातला कागद फाडला आणि सिंकमध्ये जाळला. नाव मीच लिहिलं होतं तिच्या जागी. जागा मीच मोकळी करून दिली.

२० डिसेंबर, शुक्रवार

व्हिसात माझं आडनाव चुकलेलं, ते सुधारायला क्रॉयडनला एकटीला जावं लागलं. उद्या सकाळी तिघांनी मिळून मँचेस्टरला निघायचं होतं, यतीनच्या सुप्रभामावशींकडे. चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून आल्या, आता रिटायर्ड. त्या मला कधी भेटलेल्या नाहीत. मी यतीनला बजावून गेले होते की माझ्याशिवाय निघू नकोस. शप्पथ घातली होती.

संध्याकाळी सातला परतले. घर बंद, गाडी नाही. यतीन फोन घेईना. मावशींना लावला. मी देविका बोलतेय, असं सांगितलं.

मावशी म्हणाल्या, “अहो, देविका तर इथे माझ्याजवळ उभी आहे, पोळ्या लाटतेय. आपण कोण?”

मागे तनू हसत होती. कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी माझ्या आवाजात म्हणालं, राँग नंबर असेल मावशी, ठेवा तुम्ही.

५ जानेवारी २०२५

यतीन म्हणतो, मी त्या दिवशी दुपारीच परत आले, लवकर काम झालं म्हणाले, आजच निघू म्हणाले. क्रॉयडनचं तिकीट दाखवलं तर तो रडवेला झाला. दुष्ट नाही तो. मला बरं करायचंय त्याला. पण माझ्याशी बोलता बोलता त्याचे डोळे दाराकडे जातात. कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.

लग्नाच्या आधी तो माझी अशी वाट बघायचा.

हेलन परवा रस्त्यात म्हणाली, तू किती छान रुळलीस आता. मी तिला आठवड्याभरात भेटले नव्हते.

२ फेब्रुवारी

आरसे टाळते. परवा बाथरूमच्या आरशात मी जरा फिकट — दिव्यामुळे असेल.

तिचा राग येत नाही, असं कसं म्हणू. तिला लेकीबरोबर एक सुट्टी हवी होती, हे कळतं मला. पण तिची लेक तिकडे, बापाजवळ आहे. ही माझी आहे. ताप आला तेव्हा रात्ररात्र हिला मांडीवर घेऊन मी बसलेय. नोकरी मी सोडली. सहा घरांची खोकी मी भरली. आणि आयत्या सुट्ट्या तिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज वेल्सच्या समुद्रावर जायचं. मी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले. पट्टा लावला. दाराचा दांडा धरून बसले. यतीन आला, तनू आली. गाडी सुरू झाली.

तनूचं दम्याचं औषध घरात राहिलं होतं. यतीन उठायला लागला, पण घराची किल्ली माझ्याकडे. एक मिनिटाचं काम. गाडी बंद कर, मी म्हटलं, मी आलेच. धावत गेले. खणातून पंप घेतला. तेवढ्यात घराचं पुढचं दार लागलं.

उघडेना. किल्ली फिरते, दार उघडत नाही.

खिडकीतून पाहिलं. पुढच्या सीटवर ती. पंप तिच्या हातात, तनूला देत होती. माझ्या मुठीत —

मुठीत काही नव्हतं.

तिने वळून घराकडे पाहिलं. हसली नाही. माझ्याकडे ज्या नजरेने ती बघत होती ती मी ओळखते. मी तिच्या फोटोंकडे तशी बघते. मग गाडी गेली.

१६ फेब्रुवारी

मागचं दारही उघडत नाही. खिडक्याही उघडत नाहीत. काच फुटत नाही.

हेलन कुत्रा घेऊन समोरून गेली. मी काचेवर दोन्ही हात आपटले. तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग छातीवर क्रॉसची खूण केली आणि पुढे निघाली —

भूक नाही. तहान नाही. कालपासून नाही.

त्या आता वाळूत असतील. तनूला लाटांची भीती वाटते, तिला सांगायला हवं, एकदम पाण्यात नेऊ नको म्हणून — ठाऊक असेल तिला. सगळंच ठाऊक असतं तिला.

१७ फेब्रुवारी

गाडी आली.

तीन दारं लागली. तिघांचे आवाज. खालचं दार सहज उघडलं त्यांना.

हाका मारतेय. यतीन. यतीन. तो शिट्टी वाजवत बॅगा आत घेतोय.

तनू जिना चढतेय. धावत. दारात आली. गाल वाऱ्याने लाल, केसांत वाळू. अगदी समोर आहे माझ्या. हात लांबवला तर —

नजर माझ्यावर नाही. वहीवर आहे. पेनावर.

घाबरली. मागे सरकली. आई, आई, म्हणून हाक मारतेय. जिन्याकडे तोंड करून.

खालून ओ आली. माझ्याच आवाजात. आले हं राणी —

पायऱ्या चढतेय —

तनू, इकडे बघ. ती नाही गं. मी. मी आहे तुझी, मी तु