खूण सरकली होती

४ तारीख, सोमवार
चढावर ट्रक पुन्हा खडखडला. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय. बाबांचं नेहमीचं — "डिस्ट्रिब्युटर जरा फिरव, झालं." पण ठिणगी वाटणाऱ्या त्या डब्याचा दांडाच डुलतोय! वीस तारखेला फिटनेसची तपासणी. नापास झाला तर दादा ट्रक भंगारात देणार, आणि बाबा घरी बसणार. बाबा घरी बसलेले मला बघवणार नाहीत. आईला तर झेपणारच नाहीत.

७, गुरुवार
नवा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवला. आतले ठिणगीचे पॉइंट घासायची कटकट गेली. जुना बाबांनी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. माझ्या लग्नाचे फोटोही त्याच कपाटात आहेत, ते असेच पडलेत.

८, शुक्रवार
ठिणगी पडताच चमकणारा टायमिंग लाईट लावला, इंजिनाच्या पुलीवरची खूण कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणली. ट्रक चढावर आधीपेक्षा जास्त खडखडला. बाबांनी इंजिनावर तळहात ठेवला, डिस्ट्रिब्युटर नखभर मागे फिरवला. चढ गुपचूप चढला. लाईटमध्ये पाहिलं तर खूण भलतीकडेच! मी पुन्हा पुस्तकाप्रमाणे केलं. पुन्हा खडखड. दिवसभर आम्ही दोघं आळीपाळीने एकच डिस्ट्रिब्युटर फिरवत होतो. आई म्हणाली, "जेवायचं ताट तरी एका जागी ठेवू का?"

११
अबोला.

१२, मंगळवार
पुलीवर माझा हात होता, "स्टार्टर नको" म्हणून मी ओरडले. बाबांनी मारलाच. बाही पट्ट्यात गेली, बोट थोडक्यात वाचलं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते शांतपणे बोनेट पुसत राहिले. इतका निगरगट्ट माणूस आख्ख्या खानदानात दुसरा नाही.

१५, शुक्रवार
एक नंबरचा प्लग काढला, भोकात आईची विणायची सुई सोडली आणि हाताने इंजिन फिरवलं. पिस्टन अगदी वर आला की खूण शून्यावर हवी. ती दोन बोटं लांब! पुलीची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर कुजलं, कडी सरकली. मी सरकलेल्या खुणेवर विश्वास ठेवला, बापावर नाही.

नवी खूण पांढऱ्या रंगाने केली. ती बाबांच्या सेटिंगशी तंतोतंत जुळली. त्यांच्या पाठीमागे उभं राहून माफी मागितली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. फार लागलं मनाला. सुई आईने परत घेतली नाही.

२०, बुधवार
पास! येताना बाबांनीच चालवला. दारात उतरल्यावर समोर उभं राहून विचारलं, नुसत्या कानाने इतकं अचूक कसं कळतं?

माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "कान कुठले? ते जाऊन चार वर्षं झाली. हाताला कळतं." आईला माहीत होतं. "दादाला सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

२१, गुरुवार
सकाळची फेरी आहे. बाबा दारात उभे राहून तीनदा किल्ली मागून गेले. ती माझ्या मुठीत आहे. मी ऐकूच आलं नाही असं दाखवून लिहीत बसलेय.